कोपऱ्याचे पाव

आमच्या घरात पहाटे मागच्या दाराकडे पाहायची बंदी होती. मार बसेल असं कुणी म्हटलं नव्हतं, देवाची भीतीही घातली नव्हती, पण बंदी होती. आणि ज्या घरात प्रत्येक गोष्टीवरून आईचा आणि बाबांचा एकदा तरी खटका उडायचा, त्या घरात ही एकच गोष्ट अशी होती की जिच्यावर दोघांचं एकमत होतं. म्हणून तर पुढे जे झालं त्याचा मला इतका राग आला. इतकी वर्षं झाली, दात गेले, गुडघे गेले, जबलपूर सुटलं, पण तो राग काही गेला नाही. जावा अशी माझी इच्छाही नाही.

जबलपुरात ओमती भागाच्या मागच्या गल्लीत आमची बेकरी होती. बेकरी म्हणजे पुढे एक लाकडी काउंटर, मध्ये भट्टी आणि भट्टीच्या पाठीला पाठ लावून आमची राहायची खोली. थंडीत ती भिंत इतकी उबदार असायची की आम्ही मुलं तिला चिकटून झोपायचो. उन्हाळ्यात तीच भिंत जीव घ्यायची. पहाटे जाग यायची ती पत्रे आदळण्याच्या आवाजाने. बाबा लांब दांड्याच्या लाकडी फळीने भाजलेल्या पावांचे पत्रे बाहेर ओढायचे आणि खमिराचा आंबूस वास अंथरुणापर्यंत यायचा. आई मात्र पावाला कधी तोंड लावायची नाही. ती वऱ्हाडातली, तिला ज्वारीची भाकर आणि झुणका हवा. "पाव खाऊन पोट भरते का कोणाचं? नुसता वारा भरून राहिला त्यात," असं ती बेकरीवाल्याची बायको असून गिऱ्हाइकासमोर म्हणायची.

बाबा ख्रिस्ती झाले नव्हते, ते ख्रिस्ती म्हणूनच वाढले. लहानपणी दुष्काळात आईबाप गेले आणि कुणीतरी त्यांना मिशनच्या अनाथाश्रमात नेऊन सोडलं. तिथेच ते पाव भाजायला शिकले. तिथलं ते फारसं काही बोलायचे नाहीत. पुढे आईकडून मला कळलं की तिथे प्रत्येक मुलाच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला असायचा, त्यावर नंबर. जेवायच्या वेळी रांगेत उभं राहायचं, आपली पाळी आली की शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन पाठ म्हणायचं आणि मग ताटलीत पडायचं. अडखळलं की रांगेच्या शेवटी जायचं. बाबांना वचनं भराभर आठवायची, ती काही भक्तीने नव्हे, भुकेने पाठ झालेली होती.

तरीही शास्त्रावर त्यांचा राग नव्हता. उलट, जे शास्त्रात आहे ते रविवारी ऐकून सोमवारी विसरायचं हे त्यांना जमायचं नाही. नानखटाई तोलताना पारडं गिऱ्हाइकाकडे झुकलेलं हवं, कारण खोट्या मापाचा देवाला वीट आहे. मजुराचा रोज सूर्य मावळायच्या आत हातात पडला पाहिजे. रविवारी भट्टी थंड. आई चिडवायची की, मीठ किती घालायचं तेही एकदा शास्त्रात पाहून या. आणि याच सगळ्यातून कोपऱ्यांचा नियम आला. शेताची कापणी करताना कडेचं आणि कोपऱ्यांतलं पीक कापायचं नाही, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी तसंच उभं राहू द्यायचं, असं जुन्या करारात आहे. आमच्याकडे शेत नव्हतं. बाबा म्हणाले, आपले पत्रे हेच आपलं शेत. पत्र्यावर पावांची लादी भाजली की तिच्या चार कोपऱ्यांचे पाव विकायचे नाहीत.

ज्याने लादीपाव खाल्ला आहे त्याला ठाऊक असेल, कोपऱ्याचा पाव सगळ्यांत चांगला. त्याला दोन बाजूंनी खरपूस कड येते. आम्हा मुलांचा त्याच्यावर फार डोळा, पण तो आम्हालाही नाही. सगळे कोपरे एका टोपलीत, वर धुतलेलं फडकं, आणि टोपली मागच्या दाराबाहेर ओट्यावर. मग दार लावून घ्यायचं. शेताचा मालक कोपऱ्यातलं पीक वाटायला जात नाही, तो फक्त आपला हात आवरतो, असं बाबांचं म्हणणं. न्यायला कोण येतं, किती नेतं, त्याला खरंच गरज आहे का, हे मालकाने पाहायचं नाही. एवढ्यावरही त्यांचं समाधान नव्हतं. टोपली ठेवून आले की ते भट्टीपुढे उभे राहून मोठ्यांदा उपासनेतलं एखादं गायन म्हणायला लागायचे, अगदी गळा फाडून. येणाऱ्याला आपल्या पावलांचा आवाज होईल ही भीती नको, आणि आपल्यालाही तो ऐकू यायला नको म्हणून. बाबांचा सूर भयंकर होता. सगळ्या गल्लीला तो उठवायचा.

पण कान आम्हालाही होते. भिंतीला चिकटून पडल्या पडल्या मला पावलं कळायला लागली होती. एक अनवाणी, धावत येणारी. एक बाई, जिच्या काचेच्या बांगड्या टोपलीला लागायच्या. आणि एक चपलांची चाल, हळू, बेताची, मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आणि कोरडा खोकला, तोही पदरात दाबलेला. तो खोकला मी ओळखला. दर रविवारी शाब्बाथशाळेत मी तो ऐकत होते.

राहेलबाईंचा होता तो. त्या आयुष्यभर मिशनच्या बायबलबाई होत्या. म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायच्या, लिहायला आणि शिवायला शिकवायच्या. दीक्षितपुऱ्यातल्या ज्या घरांत ख्रिस्त्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत, त्या घरांतल्या सुना अंगणात पाट टाकून त्यांची वाट पाहायच्या. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. वय झालं तशी मिशनने त्यांना कामातून मोकळं केलं. मोकळं केलं हा शब्द माझा नाही, त्या लोकांचा आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत त्या राहायच्या. नऊवारी पांढरं लुगडं, खळ घातलेलं, अंगाला कापराचा वास, आणि मान अशी ताठ की पाद्रीसाहेबही आधी नमस्कार करायचे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या अर्ध्या लोकांना पहिलं वचन त्यांनीच पाठ करून घेतलेलं. त्या पहाटे आमच्या ओट्यावर येतात हे मी कुणाला सांगितलं नाही. घरात तसा नियमच होता.

सोनवणेबाबू आमच्या मंडळीचे वडील होते, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या खालोखाल ज्यांचं चालायचं असे. खमरियाच्या कारखान्यात ते बडे बाबू होते आणि चर्चमध्येही तसेच वागायचे. वेळेला शास्त्रातलं वाक्य काढून देण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. कारखान्याच्या क्वार्टरांत कसल्याशा समारंभाला बन हवे होते म्हणून एके पहाटे ते आमच्याकडे आले, समोर सायकलींची गर्दी म्हणून मागच्या बाजूने आले, आणि त्यांनी ओट्यावरची टोपली पाहिली. बाबांनी भोळेपणाने सगळं सांगून टाकलं.

"अच्छा!" सोनवणेबाबू म्हणाले. "अरे भैया, हे तर मंडळीचं केवढं मोठं काम आहे. असं लपवून काहून करून राहिले? दिवा लावून कोणी मापाखाली ठेवते का?"

बाबा म्हणाले, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असंही आहे ना.

"ते दानाचं. हे तर साक्षीचं काम आहे. आणि चोर नेते का दारुडा नेते, तुम्हाला काय माहीत? जो काम करत नाही त्याने खाऊही नये, हेही शास्त्रच आहे, भैया."

आई आत भाकरी थापत होती. तिच्या थापण्याचा आवाज मोठा झाला एवढंच. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि होकार दिला. पुढच्या रविवारी पाद्रीसाहेबांनी उपदेशाच्या आधी बाबांचं नाव घेतलं, आपल्या या बंधूचे कोपरे आता मंडळीच्या हाताने वाटले जातील असं सांगितलं, आणि सगळी मंडळी वळून आमच्याकडे पाहायला लागली. बाबांना ते आवडलं. मी हे लिहिणारच. अनाथाश्रमात नंबराने वाढलेल्या माणसाला चार लोकांत आपलं नाव ऐकून बरं वाटलं, यात काय मोठं पाप, असं मला आजवर पुष्कळांनी समजावलं आहे. मला ते समजतं. समजलं म्हणून राग जातो असं थोडंच आहे.

मग आमच्या ओट्यावरची टोपली गेली आणि तिच्या जागी पत्र्याची पेटी आली. आठवडाभर रोजचे कोपरे त्या पेटीत टाकायचे आणि रविवारी चर्चच्या व्हरांड्यात न्यायचे. सोमवारच्या पावाचं रविवारपर्यंत काय होतं ते बेकरीवाल्याला सांगायला नको. खडे व्हायचे त्यांचे. ज्याला सोमवारी भूक लागली त्याने रविवारपर्यंत दम धरायचा, मग पूर्ण उपासनेला बसायचं, मग व्हरांड्यात रांगेत उभं राहायचं, सोनवणेबाबूंनी नाव पुकारलं की पुढे यायचं, गायनाचं एक कडवं म्हणायचं आणि ते खडे पदरात घ्यायचे. अनवाणी धावत येणारा तो कोण होता मला कधीच कळलं नाही, कारण तो रांगेत आलाच नाही. बांगड्यांवाली आली. मान खाली घालून आली आणि तिसऱ्या रविवारी तीही यायची थांबली. सोनवणेबाबूंनी काढलेला अर्थ असा की, पाहा, खरी गरज किती थोड्यांना होती.

बाबा अजूनही पहाटे गायचे. सवयीने. पण बाहेर कुणी येत नव्हतं, आणि नुसत्या बंद दाराला पाठ करून गाणारा माणूस मला पाहवत नव्हता.

राहेलबाई रांगेत दिसणं शक्यच नव्हतं. त्या शाब्बाथशाळेत यायच्या, आम्हाला गोष्टी सांगायच्या, पण आता बसून. लुगडं तसंच पांढरं. आत माणूस कमी कमी होत चाललं होतं. एका संध्याकाळी आईने पितळी डब्यात गरम खिचडी भरून मला पाठवलं. राहेलबाईंनी दार अर्धंच उघडलं. "आईला सांग, माझं आत्ताच झालं जेवण," म्हणाल्या. मागे चूल दिसत होती. तिच्यात राखसुद्धा नव्हती. मी डबा परत आणला. आईने झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं आणि डबा जोरात खाली आदळला. "हाव, कशाले घेईल?" ती म्हणाली. "हातात दिलेलं घेणाऱ्यातली असती तर पहाटे कशाले आली असती?" म्हणजे आईलाही माहीत होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो आणि नियमाप्रमाणे गप्प बसलो.

कापणीचा सण आला. त्या दिवशी आमचं चर्च धान्याच्या दुकानासारखं दिसायचं. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, केळीचे घड, एका कोपऱ्यात पाय बांधलेल्या कोंबड्या. बाबांनी त्या दिवसासाठी मुद्दाम मोठी लादी भाजली होती. नवा शर्ट घालून, कोपऱ्यांचे पाव ताटात रचून ते सोनवणेबाबूंच्या शेजारी पुढे उभे होते. राहेलबाईंची हालत एव्हाना कुणीतरी पाहिली होती आणि गोष्ट सोनवणेबाबूंच्या कानावर गेली होती. चांगल्या माणसाने काय केलं असतं? दुसरं काहीही केलं असतं. त्यांनी उपकारस्तुतीच्या प्रार्थनेनंतर सगळ्या मंडळीपुढे नाव पुकारलं.

"आपल्या राहेलबाई. आज त्यांना गरज आहे आणि मंडळी त्यांच्यासोबत आहे. या बाई, पुढे या. लाजू नका. कोपऱ्यातला वाटा घ्या आणि दोन शब्द साक्ष सांगा. एखादं वचन म्हणा, लेकरांना शिकवता तसं."

चर्चमध्ये कोंबड्यांचा तेवढा आवाज होता. राहेलबाई उठल्या. न उठून काय करणार होत्या, मंडळीच्या वडिलांनी देवाच्या घरात नाव घेतलेलं. चपला बाहेर होत्या म्हणून पावलं वाजली नाहीत. त्या बाबांच्या ताटापुढे जाऊन उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, आणि ज्या बाईने शेकडो मुलांकडून वचनं पाठ करून घेतली तिला एक शब्द आठवेना. नुसता खोकला आला. तो त्यांनी पदरात दाबला. "हं, बोला, बोला," सोनवणेबाबू हसून म्हणाले.

"अहो! खाली ठेवा ते ताट!"

माझ्या शेजारून आवाज आला. आई उभी होती. बायकांच्या बाजूने उपासनेत कुणी बोलल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ती सोनवणेबाबूंकडे पाहतही नव्हती, बाबांकडे पाहत होती.

"तुम्ही असंच खाल्लं ना? रांगेत उभं राहून, वचन म्हणून? गळ्यात पत्र्याचा बिल्ला घालून? मग तो बिल्ला आज तिच्या गळ्यात काहून बांधून राहिले तुम्ही?"

"बहनजी, शांत व्हा," सोनवणेबाबू म्हणाले. "देवाच्या घरात आहात."

"देवाच्या घरात आहो म्हणून बोलून राहिली. बाहेर असती तर ते ताट फेकलं असतं मी."

ताट अजून बाबांच्या हातातच होतं. बिल्ल्याची गोष्ट त्यांनी जन्मात फक्त आईला सांगितली होती. आईने ती सगळ्या मंडळीपुढे टाकली आणि तेही मी आईला माफ केलेलं नाही, जरी त्या वेळी मी तिच्या पदराला धरून उभी होते आणि तिने आणखी बोलावं असं मला वाटत होतं. राहेलबाईंनी मागे वळून आईकडे पाहिलं. "बस, बाई. पुरे आता," एवढंच म्हणाल्या, आणि पावाला हात न लावता मधल्या वाटेने सरळ दाराबाहेर गेल्या. पायरीवर चपला घातल्याचा आवाज आला. मग ती बेताची चाल. मग खोकला.

घरी आल्यावर बाबा शर्ट न काढता भट्टीसमोर बसले. रविवार होता, भट्टी थंड होती.

"ती यायची आपल्याकडे?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"तुला माहीत होतं?"

"मले कान आहेत. मी गात नाई पहाटे."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमीच म्हटलं होतं ना, पाहायचं नाई, बोलायचं नाई?" आई म्हणाली आणि त्या दिवसात पहिल्यांदा रडली. रडताना भांडी घासत होती. दोघंही किती आज्ञाधारक! त्या दोघांच्या आज्ञाधारकपणापायी एक बाई महिनोन् महिने उपाशी राहिली, आणि देवाला यातलं काय आवडलं असेल ते त्यालाच माहीत.

परवा माझा नातू मोबाइलवर फोटो दाखवत होता. त्यांच्या मंडळीने थंडीत ब्लँकेटं वाटली. एक म्हातारी ब्लँकेट छातीशी धरून उभी आहे, बाजूला चार जण हसताहेत, आणि म्हातारीला कॅमेऱ्याकडे पाहायला कुणीतरी सांगितलेलं असावं, कारण ती पाहते आहे. चांगला आलाय ना फोटो, आजी, म्हणाला. मी चष्मा काढून ठेवला. तो बिचारा मला चष्म्याचा नंबर बदलू या म्हणाला.

त्या कापणीच्या सणानंतर सोमवारी पहाटे पेटी गेली आणि टोपली परत ओट्यावर आली. सोनवणेबाबूंना बाबांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्यानंतर पुष्कळ दिवस चर्चमध्ये आमच्या बाकावर आमच्याशिवाय कुणी बसत नसे. ओट्यावर लोक हळूहळू यायला लागले. बांगड्या वाजल्या. अनवाणी पावलं एकदा आली, मग रोज. चपला नाही आल्या.

मग एका पहाटे बाबांनी चार कोपरे फडक्यात बांधले आणि मला म्हणाले, "चल बेटा." आम्ही गल्लीच्या टोकाला गेलो. हवेत गारवा होता, फडक्यातून वाफ येत होती. भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर देवापुढे यायच्या आधी जाऊन समेट कर, असं शास्त्रात आहे. बाबा वाटेने तेच पुटपुटत होते आणि काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत होते. आतून हालचाल ऐकू येत होती, म्हणजे राहेलबाई जाग्या होत्या. आमची पावलं दारापाशी थांबली. बाबा खाकरले.

आणि आतून राहेलबाई गायला लागल्या. एकदम, मोठ्यांदा, गळा फाडून. त्यांचा आवाज फाटलेला होता, दम पुरत नव्हता, तरी थांबेनात. बाबांनी दाराकडे नेलेला हात तसाच राहिला. त्यांच्यासारखा त्या गाण्याचा अर्थ जबलपुरात दुसऱ्या कुणाला कळला नसता. त्यांनी पावाचं फडकं उंबऱ्यावर ठेवलं, ज्या शब्दांची जुळवाजुळव केली होती ते सगळे गिळले आणि माझा हात धरला.

"मागं पाहू नको," ते म्हणाले.

मी पाहिलं नाही. दार उघडलं का, त्यांनी पाव घेतले का, मला माहीत नाही. बाबा त्यानंतर रोज जात राहिले; उंबरा रिकामा असायचा, पण पाव कुणी नेले हे त्यांनाही कधी कळलं नाही. गल्लीचं वळण येईपर्यंत गाणं ऐकू येत होतं, आणि मध्येमध्ये खोकला.